लग्नातला सामुदायिक फोटो : यादी करा, वेळ ठरवा, रुसवे टाळा

लग्नसराई सुरू झाली की वस्तीत एका महिन्यात चार-चार, पाच-पाच मंगल परिणय होतात. पत्रिका वाटण्यापासून शेवटची पंगत उठेपर्यंतच्या कामात आम्ही आणि विहारातील आमचे सहकारी असतोच. एवढ्या लग्नांत राबल्यावर आमच्या एक गोष्ट ध्यानात आली आहे. भाजीत मीठ कमी पडले तर लोक घरी पोहोचेपर्यंत विसरतात. मंडपवाल्याने पंखे कमी लावले तर आठवड्याने कोणी त्याचे नाव काढीत नाही. पण "आम्हाला फोटोला बोलावले नाही" हा राग मात्र दहा-दहा वर्षे टिकतो. मामा भाच्याच्या बारशाला येत नाही, आत्या माहेरचा उंबरा चढत नाही, आणि मूळ कारण शोधायला जावे तर ते असते लग्नाच्या अल्बममधल्या एका पानावर!

हे टाळता येते. त्याला पैसा लागत नाही. एक कागद, एक पेन आणि घरातला एक खणखणीत आवाजाचा माणूस एवढे भांडवल पुरते.

फोटो ही हौस नव्हे

काही मंडळी म्हणतील, लग्नात साधेपणा हवा असे तुम्हीच सांगता आणि आता फोटोचे कौतुक कशाला? वाचकहो, आम्ही ड्रोन उडवा, परगावी जाऊन लग्नाआधीचे चित्रीकरण करा असे सांगत नाही. त्यासाठी कर्ज काढणाऱ्याला आम्ही अडवूच. पण सामुदायिक फोटो ही वेगळी बाब आहे.

कष्टकऱ्यांच्या घरात म्हाताऱ्या माणसाचा फोटो कधी काढला जातो? आधारकार्डावरचा एक, तोही ओळखू न येणारा. आता प्रत्येक हातात मोबाईल आहे, पण तो मुलांचे फोटो काढतो, आजीचे नाही. मग एक दिवस आजी जाते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला प्रतिमा हवी म्हणून मुले कपाट उपसतात आणि शेवटी कोणाच्या तरी लग्नाचा फोटो हाती लागतो. तिसऱ्या रांगेत, दोन उंच माणसांच्या मधून आजीचे अर्धे तोंड दिसत असते. स्टुडिओवाला ते कापून, मोठे करून देतो. भिंतीवर हार घालून ठेवलेले ते चित्र आमच्या वस्तीत कितीतरी घरांत आहे. ज्या बाईने चार घरची धुणीभांडी करून तीन मुले शिकवली, तिचा चेहरा तिच्या नातवंडांना असा अर्धवट पाहावा लागतो.

बाबासाहेबांच्या कुटुंबाचा एक फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. तो दादरच्या राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेला आहे. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत, बाबासाहेबांच्या थोरल्या वहिनी लक्ष्मीबाई व पुतणे मुकुंदराव आहेत. पाळलेला कुत्रासुद्धा आहे. लक्ष्मीबाईंचे पती त्यापूर्वीच वारले होते. पण त्यांच्या विधवा पत्नीला कोपऱ्यात लोटलेले नाही. घरच्या माणसांत, सर्वांच्या बरोबरीने त्या बसलेल्या आहेत. पुढे २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. म्हणजे त्या फोटोनंतर जेमतेम सव्वा वर्ष! त्या दिवशी सगळे एकत्र बसले नसते तर रमाई आपल्या माणसांत कशा बसत हे आपल्याला कोणी दाखवले असते? एका फोटोची किंमत एवढी असते, आणि ती काढताना कळत नाही.

आधी यादी

आम्ही कारकुनी करणारी माणसे. आमचा विश्वास कागदावर. लग्नाच्या आठ दिवस आधी रात्री जेवण झाल्यावर वधूच्या घरी एक आणि वराच्या घरी एक अशी बैठक घ्या. वहीच्या पानावर गट लिहा. प्रत्येक गटापुढे माणसांची नावे लिहा. नुसते "मामाकडचे" असे लिहू नका. कारण मामाकडचे म्हणजे कोण, मामीची बहीण त्यात येते की नाही, हा वाद ऐन मंडपात नको.

साधारण गट असे होतात. वधूकडचे पाच : आजी-आजोबा, आई-वडील व भावंडे, चुलते, चुलत्या आणि आत्या, मामा-मामी आणि मावश्या, मैत्रिणी व कामावरच्या सोबती. वराकडचेही असेच पाच. त्यानंतर दोन्ही घरची मंडळी मिळून एक मोठा गट आणि बौद्धाचार्य, महिला मंडळ व विहाराचे कार्यकर्ते यांचा एक गट. असे बारा गट झाले.

आता हिशेब करा. दहा-बारा माणसांचा गट बोलावणे, उभा करणे आणि फोटो काढणे याला तीन मिनिटे लागतात. असे दहा गट, म्हणजे तीस मिनिटे. मोठ्या गटाला दहा मिनिटे आणि विहाराच्या मंडळींना पाच मिनिटे. एकूण पंचेचाळीस मिनिटे. तुमची यादी पंचवीस गटांची झाली तर दीड तास जाईल, हे तिथल्या तिथे कळते. मग गट एकत्र करावेत. यादीतून माणूस कमी करू नका, गट कमी करा.

यादी झाली की घरातल्या सर्वांत थोरल्या बाईला ती वाचून दाखवा. ती बसल्या जागी दोन सुटलेली नावे सांगेल. ज्या नावांवरून पुढे दहा वर्षांचा रुसवा व्हायचा, ती बहुधा हीच दोन नावे असतात.

वेळ आपल्या हातात आहे

आपल्या विधीला मुहूर्त नाही. पंचांग पाहून अमुक मिनिटाला अक्षता पडायलाच हव्यात असे बंधन नाही. ही मोठी सोय आपल्याला मिळालेली आहे. पण तिचा अर्थ आपण 'कधीही चालेल' असा करून बसलो आहोत. पत्रिकेवर सकाळी अकरा आणि विधी सुरू होतो दीड वाजता. मुहूर्त नसेल तर वेळ पाळण्याची जबाबदारी अधिक.

आमची सूचना अशी आहे. वधूकडचे पाचही गट विधीच्या आधी उरकावेत. वधू तयार झालेली असते, माहेरची माणसे जवळ असतात, कपडे कोरे असतात आणि पोरे रडायला लागलेली नसतात. पंधरा मिनिटांचे काम. त्यासाठी वधूने मात्र ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी तयार असले पाहिजे.

मग विधी. त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पहार, जयमंगल अष्टगाथा, आशीर्वाद. या वेळी सामुदायिक फोटोचे नाव काढू नये. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवावे की चपला काढून मंचावर जायचे, बुद्धमूर्ती आणि वधू-वर यांच्या मध्ये यायचे नाही, आणि हार पुन्हा घाला, पुन्हा घाला असे बौद्धाचार्यांना थांबवून सांगायचे नाही. लग्न फोटोसाठी नसते.

विधी संपला की लगेच मंचावर आहेर देणाऱ्यांची रांग लागते. गोंधळाचे मूळ तेच आहे. रांगेतला माणूस उन्हातान्हातून आलेला असतो, त्याला पाकीट देऊन जेवायचे असते. इकडे फोटोग्राफर वराच्या काकांना शोधत असतो. वधू-वर मध्ये अडकून घामाघूम होतात. यावर उपाय म्हणजे विधी संपताच ध्वनिक्षेपकावरून जाहीर करावे : "पंगत सुरू होत आहे, सर्वांनी जेवून घ्यावे. वधू-वर अर्ध्या तासाने मंचावर आपल्याला भेटतील." पाहुणे जेवायला बसतात आणि वराकडचे पाच गट, एकत्र गट आणि विहाराचा गट या अर्ध्या तासात होऊन जातात. पहिल्या पंगतीचे वाढणे मात्र भावकीकडे देऊ नका. ते वस्तीतल्या पोरांकडे द्या. नाहीतर फोटोच्या वेळी चुलत्याच्या हातात वरणाची बादली असते.

म्हाताऱ्यांना आधी बसवा

क्रम लावताना एकच नियम पाळा. ज्याला जास्त वेळ उभे राहवत नाही, त्याचा फोटो पहिला. आजी-आजोबा, आजारी माणूस, गरोदर सून, तान्ह्या बाळाची आई. त्यानंतर ज्यांना एसटी किंवा गाडी गाठायची आहे, रात्रपाळीला जायचे आहे, ते. मित्रमंडळी सर्वांत शेवटी. ती दमत नाहीत आणि जातही नाहीत.

मंचाच्या पायऱ्या ज्यांना चढवत नाहीत त्यांना वर ओढत नेऊ नका. वधू-वरांनी खाली यावे. दोन तरुण माणसांनी चार पायऱ्या उतरल्या तर त्यांचा मान कमी होत नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. खुर्चीवर कोण बसणार? पुष्कळ ठिकाणी आम्ही पाहतो की पुढच्या खुर्च्यांवर नगरसेवक, कंत्राटदार आणि साहेब बसतात आणि वधूची विधवा आई मागच्या रांगेत पदर तोंडाशी धरून उभी असते. कोणी तिला ढकललेले नसते. ती स्वतःच मागे सरते. कारण पिढ्यानपिढ्या तिला शुभकार्यात मागे राहायला शिकवले गेले. धम्म स्वीकारून आपण ती रूढी टाकली असे म्हणतो. पण रूढी भाषणात टाकली की नाही हे फोटोत दिसते. त्या माउलीचा हात धरून तिला मधल्या खुर्चीवर बसवण्याचे काम वधूने किंवा वराने स्वतः करावे. दुसऱ्या कोणी सांगितले तर ती "राहू द्या" म्हणेल. जावयाने सांगितले तर ती बसेल.

घटस्फोटित बहीण, आंतरजातीय लग्न केलेला भाऊ आणि त्याची बायको, यांनाही यादीत नावानिशी घ्या. दोन सख्खे भाऊ बोलत नसतील तर त्यांना लग्नाच्या दिवशी एकत्र आणण्याचा हट्ट धरू नये. एकाला आईच्या उजव्या हाताला व दुसऱ्याला डाव्या हाताला उभे करावे. मध्ये आई असली की कोणी कुरकुर करीत नाही.

जागा आणि ऊन

आपली बहुतेक लग्ने एप्रिल-मे महिन्यांत दुपारी होतात. मेच्या मध्याला मुंबईत दुपारचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. अशा उन्हात उभे केले की डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते आणि सगळे डोळे बारीक करतात. म्हणून फोटोसाठी इमारतीची अखंड सावली किंवा मोठ्या झाडाखालची दाट सावली निवडा. पानांमधून उन्हाचे ठिपके पडत असतील ती जागा नको. अर्ध्या चेहऱ्यावर ऊन आणि अर्ध्यावर काळोख येतो. रंगीत कापडाच्या मंडपाखालीही सांभाळा. वर लाल कापड असले की सगळे चेहरे लाल येतात.

आपल्या वधू-वरांची वस्त्रे शुभ्र असतात. कॅमेरा आपोआप उजेड मोजतो तेव्हा भरपूर पांढरे दिसले की तो चित्र गडद करतो, आणि आपल्या सावळ्या चेहऱ्यांचे नाक-डोळे हरवतात. उलट चेहऱ्यासाठी उजेड वाढवला तर साडी नुसता पांढरा ठिपका होते. जाणता फोटोग्राफर दोन्हीचा मेळ घालतो. पहिला फोटो काढल्यावर त्याला लगेच पडद्यावर दाखवायला सांगा. आजीचा चेहरा दिसतो का आणि साडीचे काठ दिसतात का, एवढे पाहा. चेहरे गोरे करून देऊ का, असे कोणी विचारले तर स्पष्ट नाही म्हणा. आपला रंग आपला आहे.

विहाराच्या किंवा शाळेच्या पायऱ्या असतील तर त्यासारखी जागा नाही. तीन पायऱ्यांवर तीन रांगा आपोआप लागतात. पायऱ्या नसतील तर पुढे मुले सतरंजीवर, मग खुर्च्या, मग उभी माणसे आणि शेवटी बाकावर उभे तरुण. बाक मात्र आधी हलवून पाहा. हाताच्या प्लास्टिक खुर्च्या जागा फार खातात. त्याऐवजी बिनहाताच्या खुर्च्या मिळवा आणि त्यावर पांढरी चादर टाका. रांगा एकमेकींना चिकटून असाव्यात, नाहीतर मागची रांग पुसट येते. फोटोग्राफरला मागे सरकायला पुरेशी जागा ठेवा. अगदी जवळून काढले की कडेची माणसे फुगीर दिसतात. फोटोग्राफर स्टुलावर उभा राहिला तर मागचे चेहरे मोकळे होतात.

बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा असलेल्या मंचावरच फोटो घ्यायचा असेल तर त्या उंच टेबलावर ठेवा, म्हणजे माणसांच्या डोक्यामागे झाकल्या जाणार नाहीत.

हाकारा आणि मोबाईल

फोटोग्राफर तुमच्या नातेवाइकांना ओळखत नाही. म्हणून दोन्ही घरांकडून एकेक हाकारा नेमा. तो सगळ्यांना नावाने ओळखणारा हवा, सगळ्यांनी ज्याचे ऐकावे असा हवा, आणि चेष्टेखोर असला तर उत्तम. एक गट उभा असतानाच त्याने पुढच्या गटाला "तयार राहा" सांगावे. यादीची एक प्रत त्याच्या खिशात, एक फोटोग्राफरकडे. झालेल्या गटावर खूण करावी.

उभे राहणाऱ्यांना एकच गोष्ट सांगा : तुम्हाला कॅमेऱ्याची काच दिसत नसेल तर काचेला तुमचे तोंड दिसत नाही. समोर दहा मोबाईल उभे असले की दहा दिशांना डोळे जातात. म्हणून आधी फोटोग्राफर, मग एक मिनिट मोबाईलवाल्यांना द्यावे. सगळ्यांना मिळते आणि भांडण होत नाही. डोळे मिटू नयेत म्हणून एक साधी युक्ती आहे. सर्वांनी डोळे मिटायचे, "तीन" म्हणताच उघडायचे आणि त्याच क्षणी फोटो घ्यायचा. प्रत्येक गटाचे तीन-चार फोटो घ्यावेत. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरावा लागे; आता ती अडचण राहिलेली नाही.

व्यवहार लेखी ठेवा

फोटोग्राफर वस्तीतलाच, ओळखीचा असला तरी एका कागदावर लिहून घ्या : किती वाजता येणार, किती वाजेपर्यंत थांबणार, छापील फोटो किती, अल्बम किती पानांचा, मूळ फोटो पेनड्राइव्हवर देणार की नाही, आणि कोणत्या तारखेला. काही रक्कम आगाऊ द्या आणि काही अल्बम हाती आल्यावर. त्याला जेवायला बसवायला विसरू नका. तोही कष्टकरीच आहे.

विधी चालू असतानाचा एक स्वच्छ फोटो जरूर घ्या. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी नव्वद दिवसांची मुदत आहे. नोंदणीच्या वेळी तीन साक्षीदार लागतात, तसेच लग्नपत्रिका आणि लग्नाचा फोटो मागितला जातो. पुढे पासपोर्ट, वारस, पेन्शन अशा कामांत हे नोंदणीचे प्रमाणपत्र उपयोगी पडते. विशेषतः मुलीच्या आई-वडिलांनी हे मनावर घ्यावे.

शेवटी जतन. मोबाईल पडतो, चोरीला जातो, फोटो गेले की गेले. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. मोठा करून छापला की फाटल्यासारखा दिसतो. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फोटो दोन वेगवेगळ्या घरी, दोन ठिकाणी ठेवा. प्रत्येक गटाची निदान एक प्रत पोस्टकार्डाच्या आकारात छापून घ्या, आणि मागे मऊ शिसपेन्सिलीने नावे, गाव व तारीख लिहा. आज सगळी नावे तोंडपाठ असतात. तीस वर्षांनी अल्बम उघडणारी नात "ही कोण?" म्हणून विचारील तेव्हा सांगायला आपण असूच असे नाही.

एक प्रत गावाकडे पाठवायला विसरू नका. जी थकलेली चुलती लग्नाला येऊ शकली नाही, तिला घडीची पत्रिका मिळते पण फोटो मिळत नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती तो पोचता करा. आणि येत्या सराईत ज्यांच्या घरी कार्य आहे त्या बंधू-भगिनींना आमची एवढीच विनंती की आज रात्री जेवण झाल्यावर वही काढा, आणि पहिल्या ओळीवर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे नाव लिहा.

जयभीम!